वरच्या वावराची माती

आमच्या वरच्या वावरात माती वीतभर आहे. त्याखाली मुरूम. हे मी अंदाजानं सांगत नाही. लोखंडी सळई ठोकली, अडली की जमिनीच्या पातळीला खडूनं खूण केली, बाहेर काढली आणि हातानं मोजली. नऊ जागी. नाल्याकडच्या बाजूला वीत आणि चार बोटं भरली, मधे वीतभर, आणि वरच्या कोपऱ्यात चारच बोटं. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. बोटं मोजायला तेवढंही लागत नाही.

गाव धरणगाव तालुक्यातलं. वावर दोन एकर, उताराचं. वर माळ, खाली नाला, नाल्याच्या पुढे पाझर तलाव. नवरा गेल्यावर ते माझ्या नावावर झालं. कसतो मुलगा. आमची खालची जमीन काळी आहे, तिच्यात कापूस छातीला लागतो. वरच्या वावरात तो गुडघ्याच्या वर जात नाही.

उन्हाळ्यात रस्त्याचं काम निघालं आणि भरावासाठी मुरूम खणून विकत नेणारा मुरूमवाला आमच्या ओट्यावर येऊन बसला. मशीन लावतो म्हणाला, गाड्या लावतो, तुम्हाला बघायला यायचीसुद्धा गरज नाही. मुलानं त्याला चहा पाजला. तो गेल्यावर मला म्हणाला, “माय, वरना वावरमा आते काय शे? बठ्ठा दगडच शे. देई टाकू.”

“माटी शे,” मी म्हटलं.

“कितली?”

मला सांगता आलं नाही. पन्नास वर्षं ज्या वावरात निंदणी केली, कापूस वेचला, त्यात माती किती आहे हे मला माहीत नव्हतं. ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सळई आणि हातोडा घेऊन मी वर गेले.

संध्याकाळी त्याला आकडे सांगितले. तो म्हणाला, “वीतभर माटीमा काय पिकस?”

“बाकीनी कोठे गयी?”

“पानीमा वाही गयी. आखो कोठे जाई?”

तो चुकीचं बोलत नव्हता. पण ती माती पाण्यात का गेली, ते मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या वावराला आडवे तीन बांध होते, माझ्या सासऱ्यांनी घातलेले. ट्रॅक्टर आला त्या वर्षी मी ते फोडायला लावले. नवरा नको म्हणत होता. मी म्हटलं, एका बांधापायी दोन तास, कापसाच्या दोन ओळी वाया जातात, बांधावर गवत, गवतात उंदीर. बांध फोडले, कापसाचे सहा तास वाढले, त्या साली पीक बरं आलं आणि मी महिनाभर नवऱ्याला ते ऐकवलं. तेव्हापासून तास उताराच्या दिशेनं सरळ पडतात. ट्रॅक्टर सरळ वर जातो, सरळ खाली येतो. पाणीही तासातासातून सरळ खाली जातं. दर पावसाळ्यात नाला गढूळ व्हायचा, मी बघायची आणि घरी यायची. नाला पावसाळ्यात गढूळच असतो, असं वाटायचं.

सळई ठोकत ठोकत मी वावराच्या माथ्याला पोचले तेव्हा दमले होते. तिथं म्हसोबाचा दगड आहे. त्याच्यासमोर बसले. पेरणीच्या दिवशी त्या दगडाला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, डोक्यापासून थेट मातीला टेकेपर्यंत. लग्न होऊन आले तेव्हापासून हे काम माझ्याकडे. इतक्या वर्षांत मी त्याला हात जोडले, पण नीट बघितलं त्या दिवशी पहिल्यांदा. दगडाच्या डोक्यावर शेंदराचा थर भाकरीएवढा जाड, टवके उडत होते. खाली येत जावं तसा तो पातळ होत गेलेला. पार खाली कांद्याच्या पापुद्र्याएवढा, एकच हात फिरवलेला, त्यातून दगड दिसत होता. आणि त्याच्याही खाली नखभर दगड कोरा. तिथं शेंदूर कधी लागलाच नव्हता, कारण गेल्या पेरणीला तिथं माती होती.

मी नवी नवरी होते तेव्हा हा दगड माझ्या गुडघ्याला लागायचा. आता मांडीच्या मध्यावर येतो. मला वाटत होतं, मी म्हातारी होऊन खचत चालले.

वर्षाला नखभर. कोपऱ्यात शिल्लक चार बोटं. चार बोटांच्या रुंदीत माझी किती नखं बसतात ते मी तिथंच बसून मोजलं. आठ बसली.

त्याच आठवड्यात बोंडअळीच्या बैठकीसाठी कृषी खात्यातली बाई गावात आली. मुलगी म्हणावी इतकी तरुण, घर धुळ्याला देवपुरात, नोकरी आमच्याकडे. बैठक संपल्यावर मी तिला विचारलं, “वावरातली माती दर वर्षी किती गेली तर चालतं?”

ती गाडीवर बसत होती, ती उतरली. म्हणाली, “अक्का, खत किती टाकू, फवारणी किती करू, हे सगळे विचारतात. हे कोणी विचारलं नव्हतं.”

“तू उत्तर सांग.”

“जेवढी नवीन बनते तेवढी गेली तर चालते. पण माती इतकी हळू बनते की तुमच्या सगळ्या आयुष्यात नखभरसुद्धा बनली नसेल.”

“आमची वर्षाला नखभर जाते.”

तिनं विचारलं हे कशावरून, तेव्हा मी तिला वर नेऊन म्हसोबा दाखवला. तिनं फोटो काढले. मग म्हणाली, सगळ्या जमिनींना सोसण्याचं माप एक नसतं. जिथं माती पुरुषभर खोल आहे तिथं थोडी गेलेली जमीन सोसते. जिथं खाली लगेच मुरूम आहे तिथं तेवढीच गेली तर जमीनच जाते. मी म्हटलं, हे समजायला मला शिकवावं लागत नाही, माझ्या पिठाच्या डब्याचंही तसंच आहे. ती हसली. पण मला दुसरं विचारायचं होतं. आडवे तास घातले, बांध घातले, तर जाणारी माती किती थांबेल, हे मुलाला दाखवायचं कसं? तोंडी सांगून तो ऐकणार नाही. माझा मुलगा आहे.

तिनं सांगितलं ते सोपं होतं. वावर उभं दोन भागांत वाटा. मधे वरंबा घाला म्हणजे इकडचं पाणी तिकडे जाणार नाही. एका भागात तुमचे नेहमीचे उभे तास, दुसऱ्यात आडवे तास आणि बांध. दोन्हींच्या तळाशी एकेक खड्डा खणा, ताडपत्री अंथरा. वावराचं पाणी खड्ड्यात येऊन पुढे जाईल, माती तळाला बसेल. ती काढा आणि मोजा. “अगदी बारीक गाळ पाण्याबरोबर पुढे जाईलच,” ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही मोजाल त्यापेक्षा खरी गेलेली जास्त असेल, हे लक्षात ठेवा. आणि खड्ड्याला दुसऱ्या कोणी हात लावता कामा नये.”

रात्रीच्या जेवणाआधी मी मुलाला म्हटलं, मला एक पावसाळा दे. दोन्ही खड्ड्यांतली माती मोजू. आडव्या तासांनी काही फरक पडला नाही तर मुरूमवाल्याला फोन मी करीन आणि जिथं म्हणशील तिथं सही करीन. फरक पडला तर सबंध वावराला बांध घालायचे आणि मुरमाचं नाव काढायचं नाही.

त्यानं विचार केला. म्हणाला, “घमेला तू भर. रेघ मी ओढसू.”

त्याला असं म्हणायला मीच शिकवलं होतं. फार वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मी बांधबंदिस्तीच्या कामावर माती खणली आहे. तिथं खड्ड्याच्या मधे मातीचा एक खुंट न खणता ठेवायचा आणि मुकादम त्या खुंटाची उंची टेपनं मोजून खणलेली माती ठरवायचा. आम्ही बाया गवतासकट मातीचं एक ढेकूळ त्या खुंटाच्या डोक्यावर बसवायचो, वरून पाणी शिंपडायचो. खुंट वीतभर वाढायचा. हे मी घरात शंभर वेळा हसत हसत सांगितलं होतं. आता ते माझ्यावर उलटलं. मला राग आला नाही. माती मोजताना माणूस काय करतो हे मला ठाऊक आहे, म्हणून दुसऱ्यानं रेघ ओढलेली बरी.

डावीकडे उभे तास ठेवले. उजवीकडे आडवे, आणि दोन बांध. बांध मी, सून आणि दोन मजूर बायांनी मिळून घातले, गुडघ्याएवढे. त्यांच्यावर नाल्यातल्या गवताची ठोंबं उपटून आणून लावली. खड्डे खाट मावेल एवढे. ट्रॅक्टरवाला आडवं वखरताना सारखा कुरकुरत होता की टोकाला वळायला जागा नाही. मी त्याला सांगितलं, हळू वळ.

पहिला जोराचा पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर मी खुरपं आणि घमेलं घेऊन गेले. डावीकडून सात घमेली निघाली, उजवीकडून दोन. मुलानं दाराच्या मागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या, इकडे सात, तिकडे दोन. काढलेली माती मी परत वर नेऊन टाकायची. सून म्हणायची, आत्या, गुडघे बघा तुमचे. गुडघे बघून माती वर जात नाही.

गावात बोलणं सुरू झालं. शेजारच्या वावरातला भाऊबंद बांधावर उभा राहून विचारायचा, “मोठमाय, औंदा माटीना उतारा कितला?” भाऊबंदकीतली धाकटी मंडळी मला मोठमाय म्हणतात. मी त्याला म्हणायची, “तुन्हापेक्षा कमी. तुन्ही बठ्ठी तलावमा गयी.” त्याचेही तास उभेच आहेत. तो पुढच्या वेळी विचारायला आला नाही.

नागपंचमीपर्यंत डावीकडे तेवीस रेघा झाल्या, उजवीकडे पाच. मी मुलाला भिंतीसमोर उभं केलं. तो म्हणाला, “पयला पावसामा माटी भुसभुशीत ऱ्हास, जास. मोठा पाऊस येऊ दे. तुन्हा बांध फुटतस का नही ते देखू.”

हेही तो चुकीचं बोलत नव्हता. बांध फुटला असता तर अडवलेलं सगळं एकदम गेलं असतं. म्हणून आम्ही दोघंही मोठ्या पावसाची वाट बघत होतो, तो एका कारणासाठी आणि मी दुसऱ्या.

पाऊस आला, दोन दिवस एकसारखा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात गेले. बांध उभे होते, एका ठिकाणी थोडा खचलेला. डावीकडचा खड्डा काठोकाठ. पाणी वरून वाहत होतं, माती अजून बसायची होती. तेवढ्यात सून फोन घेऊन धावत आली. रावेरला माझी मुलगी केळीच्या बागेत घसरून पडली होती, हात मोडला होता. मला जावं लागलं. जाताना मुलाला सांगितलं, पाणी ओसरू दे, माती बसू दे, मी आल्यावर काढू. तो हो म्हणाला.

रावेरला चार दिवस राहिले. मुलीच्या हाताला प्लास्टर, स्वयंपाक मी केला. जावयाच्या बागेशेजारी विहिरीचं काम चाललं होतं, ते मी मुद्दाम बघायला गेले. दोन पुरुष एकावर एक उभे राहिले तरी माती संपत नव्हती, आणि तिच्यात खडा नव्हता. मी जावयाला विचारलं, पावसात तुमची माती जाते का? “जात असेल,” तो म्हणाला. “कोण बघतं?” त्याचं बरोबर होतं. त्याच्या जमिनीतून नखभर गेली तर त्याच्या नातवालाही कळणार नाही. तेवढीच आमच्या कोपऱ्यातून गेली तर मी बोटं मोजत बसते. देवपूरची बाई म्हणाली होती ते मी तिथं विहिरीच्या काठावर उभं राहून बघितलं. मुलगी म्हणाली, “माय, मन्हा हात मोडेल शे आन तू विहीर देखी राहिनी.” मी म्हटलं, हात जुळतो.

शनिवारी परत आले. दुसऱ्या दिवशी कानबाई होती. श्रावणात कानबाई बसते, सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, रविवारी देवी बसवायची, सोमवारी नदीवर विसर्जन. औंदा कानबाई आमच्याकडे होती. घरोघरी गॅस आला, पण कानबाईचा स्वयंपाक शेणामातीच्या चुलीवर व्हायला हवा, म्हणून दर वर्षी नव्या चुली घालतात. मी अंगणात शिरले तर मागच्या भिंतीला लागून ओळीनं नऊ चुली. गुळगुळीत, कडा सरळ, एकीलाही तडा नाही.

“चुली चांगल्या घातल्या,” मी सुनेला म्हटलं. मग एकीला हात लावला. माती लोण्यासारखी, खड्याचा कण नाही. आमच्या गावात अशी माती कुठंच मिळत नाही. “कोठली माटी शे?”

सून पदराला हात पुसत राहिली. मला कळलं.

मी पिशवी तिथंच ठेवून वावरात गेले. डावीकडचा खड्डा ताडपत्रीपर्यंत साफ. बोटांच्या खुणा दिसत होत्या, कोपऱ्यातलीसुद्धा खरवडून नेलेली. उजवीकडच्या खड्ड्यात थोडा गाळ होता. तो खड्डा मी नुसता वरून पाहिला. माझं सगळं लक्ष रिकाम्याकडे.

घरी आले तेव्हा मुलगा मंडपाचे बांबू रोवत होता. त्याला माहीत होतं. म्हणाला, “मी गावमा नव्हतो, माय. बाया नेई गयात. आते काय मोजशी? मंगयवारले मुरूमवाला येई राहिना, त्याले काय सांगू?”

सगळ्यात मोठा पाऊस, ज्याच्यावर आम्ही दोघं थांबलो होतो, तो मोजायचाच राहिला. तेवीस आणि पाच त्यानं मानले नव्हते. पुढे तसा पाऊस येईलच याची खात्री नव्हती. मी त्याला म्हटलं, “त्याले काहीच सांगू नको. मी मोजस.”

“काय मोजशी? चुली?”

“हो.”

आतल्या खोलीत बाया कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडत होत्या. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. भाऊबंदकीतल्या आठ-दहा बाया सुपं घेऊन बसलेल्या, मूठ मोजायचं काम माझ्या धाकट्या जावेकडे. मी दारात माझं घमेलं आपटलं.

“कोनी कोनी माटी नेली? आन कितली?”

धाकटी जाऊ म्हणाली, “अक्का, बस तर खरी. तुन्हा लेकीना हात कसा शे?”

“बरा शे. तू कितली नेली?”

“मी चार. पण मन्हा घमेला ल्हान शे.”

“घरून आन.”

तिला वाटलं मी चिडून बोलते. मी बसूनच राहिले तेव्हा ती उठली आणि घमेलं घेऊन आली. तिची चार म्हणजे माझी तीन. मग दुसरी बोलली, दोन. तिसरी म्हणाली मी मोजली नाही. तिला तिच्या शेजारणीनं झापलं, “असं कसं? डोक्यावर मी उचलून दिली. तीन व्हतीत.” एकीनं पाटी भरून नेली होती, तीही मागवली. एक म्हणाली, मोठमाय, मी फक्त ओटा सारवायला नेली, चुलीला नाही. मी म्हटलं, मातीला त्याचं काय. डोक्यावर वाहिलेलं बाया विसरत नाहीत. मुकादमाला चुकवणाऱ्या बायाही आपण किती वाहिली ते बिनचूक सांगायच्या. सुनेपाशी आले तेव्हा ती खाली बघत म्हणाली, “अकरा, आत्या.”

“अकरा.”

“चुली आपल्या दारात होत्या. मीच जास्त आणणार ना.”

मी बोटांवर धरत गेले. माझ्या घमेल्यानं एकतीस झाली.

“आता उजवीकडच्या खड्ड्यातली. ती कोणी किती नेली?”

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकटी जाऊ हसली. “अक्का, तठे काय व्हतं नेवासारखं? आम्ही गयतूत पहिले तठेच, तो खड्डा वाटेवर शे. खाले दोन-तीन घमेला गाळ. म्हणीसन दुसरा खड्डावर गयतूत. तठे माटीच माटी.”

मुलगा दारात उभा होता, काखेत गंगाफळ, भाजीसाठी आणलेलं. त्यानं ते ऐकलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानं गंगाफळ उंबऱ्याशी ठेवून माझं घमेलं उचललं आणि गेला. तासाभरानं आला, पोटऱ्यांपर्यंत चिखल. दाराच्या मागे जाऊन उजवीकडे तीन रेघा ओढल्या. मग बायकोला हाक मारून विचारलं, अकराच ना? आणि डावीकडे एकतीस ओढायला लागला. भिंत पुरेना. शेवटच्या रेघा बिजागरीच्या वर, चौकटीला लागून गेल्या. नऊ-दहा बाया सुपं हातात धरून ते बघत होत्या.

“इतली?” एक जण म्हणाली. “आमना वावरमा बी इतलीच जात व्हई?”

“तुमचा उतार जास्त आहे,” मी म्हटलं. “तुमची जास्त जात असेल.”

मग मी त्यांना सांगितलं की विसर्जन झालं की माती परत. चुली फोडायच्या, ओलवायच्या आणि वरच्या कोपऱ्यात नेऊन पसरायच्या. जिनं जितकी नेली तिनं तितकी वाहायची.

“मोठमाय, चुलीतली राखबी देऊत का?” एकीनं टोमणा मारला.

“दे. कपाशीले चांगली.”

“मन्हा ओटा सारवाई गया. तो खरवडू का?”

“कानबाईना रोट तुम्ही भाऊबंदकीबाहेर कोनाले एक तुकडा देतस का?” मी विचारलं. कानबाईचा रोट घरच्यांनीच खायचा असतो, बाहेरच्याला द्यायचा नसतो, हा आमच्याकडचा कडक नेम. “नही देतस. तळहातभर रोट जपतस. आन वावर नालामा जाई राहिनं ते देखतस.” जाऊ म्हणाली, चला, मुठी मोजा, उशीर होतोय.

कानबाई झाली. सोमवारी विसर्जनाला मी नदीपर्यंत गेले नाही, गुडघे दुखत होते. मंगळवारी सकाळी चुली फोडल्या. सातच बाया आल्या, बाकीच्यांनी कारणं सांगितली. ज्या आल्या त्यांनी चढावर घमेली नेली, मी म्हसोबापाशी बसून मोजली. एकतीसपैकी चोवीस परत आली. चार बोटांच्या कोपऱ्यात ती पसरल्यावर बघितलं तर डोळ्याला फरकही दिसला नाही. चोवीस घमेली वाहून सात बाया घामाघूम झाल्या आणि जमीन आहे तिथंच. दोन दिवसांच्या पावसानं जे नेलं ते माणसानं परत आणणं काय असतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. मलाही.

मुरूमवाला दुपारी आला. मी आतच होते. मुलगा ओट्यावर त्याला म्हणाला, “वावर मायना नाववर शे. ती नही म्हणस.” सगळं माझ्या गळ्यात टाकलं. टाकू दे. तो गेल्यावर मुलगा आत आला आणि विचारलं, “आजोबान्या बांधन्या जागा तुले आठवतस का?”

“आठवतात.”

“आजोबानी कशावरून ठरवल्या व्हत्या?”

मला माहीत नव्हतं. मी बांध फोडले तेव्हा विचारलं नव्हतं. त्यानं देवपूरच्या बाईला फोन लावला. तिनं पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं सारखी उंची कशी बघायची ते सांगितलं. दिवाळीनंतर, वेचणीचा पहिला हात झाल्यावर, आम्ही दोघं नळीची दोन टोकं धरून वावरात फिरलो. तो ओरडायचा, वर घे, खाले घे, आणि मी ऐकायची. इतकं मी त्याच्या वडिलांचंही ऐकलं नाही. खुंट्यांच्या तीन ओळी ठोकल्या गेल्या. त्यातल्या दोन, जुने बांध होते तिथंच पडल्या. तिसरी थोडी सरकली.

डावीकडचे बांध आता झालेत. सहा तास गेले. ते मी मिळवले होते, मीच दिले.

देवपूरची बाई मधे येऊन गेली. मी तिला सगळ्या पावसाळ्याच्या रेघा दाखवल्या. मग विचारलं, उजवीकडच्या एवढ्या रेघा चालतील का? तिनं तोंड वाकडं केलं. म्हणाली, “खूप कमी झाली, अक्का. पण तुमच्या मातीच्या मानानं हीसुद्धा जास्तच आहे. आणि पाण्याबरोबर गेलेली तुम्ही मोजलीच नाही.”

“मग किती व्हायला पाहिजे?”

“दोन-चार मोठ्या पावसांत मिळून एखादं घमेलं.”

मुलगा म्हणाला, असं कधी होत नाही. भिंतीवरच्या रेघा दिवाळीच्या रंगात पुसू दिल्या नाहीत, तेवढा भाग सोडून रंग लावला. शेजारी कोरी जागा ठेवली आहे. बांधांवर आणखी गवत लावायचं आहे, वरच्या कोपऱ्यात कापूस न घेता तूर दाट पेरायची आहे, आणि कापसाच्या पऱ्हाट्या जाळायच्या नाहीत, आडव्या पसरायच्या. पऱ्हाट्यांवरून मुलाशी भांडण चालू आहे.

पेरणीच्या दिवशी शेंदूर घेऊन मी वर जाईन तेव्हा आधी दगडाचा पाय बघीन. गेल्या वेळच्या शेंदराखाली कोरा दगड दिसला तर अजून एक बांध. जागा मी पाहून ठेवली आहे.